शेवट सांगायची पाळी

एस्टिलनं कुठल्याच सिनेमाचा शेवट कधी पाहिला नाही. तो आणि त्याची बायको ऑर्फा घरगाडीत राहायला लागली तेव्हापासूनची ही त्याची रीत. दिवस मावळला की कुठंतरी गाडी उभी करायची, खाली जॅक लावून ती सरळ करायची, ऑर्फानं घेवड्याचं कालवण आणि मक्याचा पाव गरम करायचा. जेवणं उरकली की ओट्याच्या वर बसवलेल्या छोट्या टीव्हीवर सिनेमा लावायचा. गोष्ट चांगली रंगात आली, नायिका दार उघडून बाहेर पडली, की इकडे एस्टिलची हनुवटी छातीला टेकलीच म्हणून समजा.

आणि सकाळी स्टिअरिंगवर बसला की पहिला प्रश्न: "बरं, मग पुढं काय झालं तिचं?"

त्या घरात एक कायदाच होऊन गेला होता. जो गाडी चालवतो, त्याला दुसऱ्यानं शेवट सांगायचा. ऑर्फा कॉफीचा मग दोन्ही हातांत धरून शेजारच्या सीटवर बसे आणि रात्रीचा उरलेला सिनेमा उलगडून सांगे. सांगणं तिच्या रक्तातच होतं. केंटकीच्या डोंगरात तिचे वडील आठवडाभर कोळशाच्या खाणीत उतरायचे आणि रविवारी लाकडी चर्चमध्ये उभं राहून प्रवचन करायचे. प्रवचन कसलं, ते गाणंच. सुरुवातीला साधं बोलणं. मग बोलता बोलता आवाज उचलला जाई, शब्दांना आपोआप चाल लागे, ओळ संपली की छातीतून एक हुंकार निघे, आणि दहा मैलांवरून चालत आलेली माणसं बाकावर डोलू लागत. "सांग, भाऊ, सांग!" असं कुणीतरी म्हणे, आणि तेवढ्यावर वडील आणखी वर चढत. बायबलातला उधळ्या पोरगा घरी परतला, बाप रस्त्यावर धावला, हे तिनं शंभरदा ऐकलं असेल. दर खेपेला बाप पोहोचेल की नाही या काळजीनं तिचा जीव वरखाली होई.

तर तीच चाल ऑर्फाच्या सांगण्यात उतरली होती. साधी चोर-दरोडेखोरांची गोष्ट असली तरी शेवटाकडे येता येता तिचा आवाज चढायचा, आणि एस्टिल रस्त्यावरची नजर न हलवता म्हणायचा, "सांग, बाई, सांग." पूर्वरंग पडद्यावर आणि उत्तररंग ऑर्फाच्या तोंडून, असं त्यांचं बरं चाललं होतं.

या वर्षी मात्र ती थकली होती. अगदी हाडापर्यंत थकली होती.

शरद ऋतूत दोघं उत्तरेला साखरबीटाच्या हंगामाला गेली होती. घरगाडीतली पुष्कळ म्हातारी माणसं जातात. शेतातून ट्रक येतात, यंत्रं बीटांचे डोंगर रचतात, आणि अंगावर चार थर चढवलेली आजी-आजोबांची फौज चिखलात उभी राहून ट्रकना हात करते. एस्टिलला पहिल्याच आठवड्यात मुकादमानं ट्रकपुढून काढून पिशव्या बांधायला बसवलं. ऑर्फाला वाटलं, भला माणूस दिसतो, म्हाताऱ्याची दया आली. तिला स्वतःला मात्र कुणी बसवलं नाही. हंगाम संपला तेव्हा तिचे गुडघे रात्री झोपेतसुद्धा ठणकत होते.

"ममा, बस झालं आता," टॅमरा, त्यांची मुलगी, ओहायोहून फोनवर म्हणायची. "खालची खोली रंगवून घेतलीय. गाडी विका आणि या."

"तळघरात?" एस्टिल लांबूनच ओरडायचा. "मी काय बटाटा आहे?"

ऑर्फा हसायची. पण फोन ठेवल्यावर त्या न पाहिलेल्या खोलीतली न हलणारी खाट तिच्या डोळ्यांपुढं यायची. एका जागी झोपायचं. उठल्यावर खिडकीत तेच झाड. हे एस्टिलला सांगायचं कसं? त्याचं घर विकलेलं, गिरणीतली नोकरी संपलेली, दोस्त एकेक करून मातीआड गेलेले. त्याच्याकडे म्हणून म्हणायला हे स्टिअरिंग उरलं होतं. दरवर्षीसारखं हिवाळ्याला दक्षिणेच्या वाळवंटात पोहोचायचं, उन्हात खुर्ची टाकायची, एवढाच त्याचा हट्ट.

निघताना बीटांच्या तळावरची बर्निस हात हलवत आली. तळावर कपडे धुवायच्या खोलीत डीव्हीडींचं एक फडताळ होतं. एक ठेवायची, एक न्यायची. त्या फडताळाची मालकीण असल्यासारखी बर्निस वागायची.

"ही ने. घोड्यांची आहे. एस्टिलला घोडे आवडतात ना?"

"त्याला झोप आवडते," ऑर्फा म्हणाली. "पण घोड्यांवर बसून झोपेल."

वाटेत एस्टिल मान जरा डावीकडे कलती ठेवून गाडी चालवत होता. कोंबडी दाणा हेरते तशी. "मानेला काय झालंय?" तिनं विचारलं, तर म्हणाला, "उशी." मधूनच म्हणायचा, "त्या पाटीवर काय लिहिलंय गं?" आणि ती वाचून दाखवायची. तिला डुलकी लागू नये म्हणून विचारतो, असं तिला वाटायचं. चांगलं वाटायचं.

कॅन्ससमधल्या एका लहान गावात शनिवारच्या संध्याकाळी त्यांनी चर्चच्या आवारात गाडी लावली. पास्टर भला होता. त्यानं हात मिळवला आणि म्हणाला, "खुशाल राहा. फक्त उद्या सकाळी उपासनेला लोक यायच्या आत जागा मोकळी करा. आमच्याकडे गाड्या भरपूर आणि जागा थोडी."

वारा उठला होता. हवामानाचा अंदाज बघायला ऑर्फानं छतातला दांडा फिरवून टीव्हीची अँटेना वर केली आणि सवयीनं कपडे वाळत घालायचा लाल चिमटा स्टिअरिंगला लावला. घरगाडीवाल्यांची ही खूण. चिमटा दिसला की ओळखायचं, अँटेना वर आहे, ती उतरवल्याशिवाय गाडी हलवायची नाही. अँटेना खाली करायचं काम तिचं, चिमटा काढायचं त्याचं. वर्षानुवर्षं असंच चाललेलं.

उद्या दुपारनंतर वादळी वारे, असं टीव्हीवरच्या मुलीनं सांगितलं. म्हणजे सकाळी निघायलाच हवं.

जेवण झालं. "लाव तुझे घोडे," म्हणत ऑर्फा भांडी घासायला वळली. पाठीमागं पियानो वाजायला लागला.

"सुरू झालं का?" तिनं न वळता विचारलं.

"झालं की. मोकळं रान आहे. लांबून घोडेस्वार येतोय."

"कसा आहे?"

"देखणा. पांढरा घोडा."

ती हात पुसत वळली. पडद्यावर एक उंच, काटकुळा माणूस पाठीवर कपाटाएवढं घड्याळ बांधून गावातल्या चढावरून चालला होता. सिनेमा जुना, काळापांढरा, मुका. मधूनमधून शब्दांची पाटी येत होती आणि पियानो वाजत होता. बर्निसच्या फडताळात कुणीतरी भलत्याच डब्यात भलतीच डीव्हीडी घातली होती. अशी चूक तिथं रोज कुणीतरी करत असे.

ऑर्फाला हसू आलं. थट्टा करतोय म्हातारा. "घोडा कुठला?" ती म्हणाली.

"हा काय समोर."

तो हसत नव्हता. मान डावीकडे कलती होती आणि डोळे सताड उघडे होते.

ती अलगद त्याच्या शेजारी येऊन बसली. पडद्यावर तो माणूस घड्याळासकट घसरून पार चढाच्या पायथ्याशी येऊन पडला होता. टोपी एकीकडे, काटे दुसरीकडे.

"आता काय करतोय?" तिनं विचारलं. आवाज तिचा तिलाच परका वाटला.

"उतरलाय," एस्टिल म्हणाला. "घोड्याला पाणी पाजतोय. हे लोक बोलत का नाहीत पण? आवाज बिघडलाय का?"

ऑर्फानं टीव्ही बंद केला. वाऱ्यानं गाडी जराशी हलली.

"कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"एस्टिल."

तो बराच वेळ आपल्या गुडघ्यांकडे बघत राहिला. बघत राहिला असं आपण म्हणायचं. "वसंतात," तो म्हणाला. "चष्मा बदलायला गेलो होतो ना. डॉक्टर म्हणाला, चष्म्यानं भागायचं नाही. डोळ्याच्या मधला भाग झिजत जातो म्हणे. कडेकडेचं दिसतं गं. कडेचं छान दिसतं. मधलं तेवढं पुसट."

"मधलं म्हणजे रस्ता!"

तिला मुकादम आठवला, पिशव्या आठवल्या, पाट्या आठवल्या. आणि मोठ्या हमरस्त्यावर शेजारून गेलेल्या गाड्या आठवल्या. मागच्या सीटवर झोपलेली कुणाकुणाची लेकरं.

"माझं जाऊ दे," ती म्हणाली. "माझं आयुष्य झालं जगून. पण शेजारच्या गाडीत कुणाचं नातवंड असतं तर? मी इथं बसून तुला गोष्टी सांगत होते, आणि तू— देवाला तोंड कसं दाखवलं असतंस रे?"

"हळू चालवतो मी. उजव्या पट्टीनं. पांढरी रेघ दिसते कडेची, तिला धरून."

"रेघेला धरून! आणि पडद्यावर घोडा नाही, काही नाही. एक येडा पाठीवर घड्याळ घेऊन चढ चढतोय. मुका सिनेमा आहे तो!"

"घड्याळ?" एस्टिल म्हणाला. त्याचा चेहरा असा पडला की तिला आपल्याच रागाचं वाईट वाटलं. "मग पियानो म्हणून वाजत होता होय."

तोच पुढं म्हणाला, "आधी मी खरंच झोपायचो. या उन्हाळ्यापासून नुसता डोळे मिटून पडतो. उघडे ठेवून करायचं काय? तुझ्या तोंडून सकाळी सगळं नीट दिसतं." आणि मग अगदी हळू, "गाडी थांबली की संपलं, ऑर्फा. तळघर. एक खिडकी, तीही गवताच्या उंचीला. एवढं एकदा वाळवंटात पोहोचवून देतो तुला."

"मला पोहोचवणार तू," ती म्हणाली. "मी किती थकलेय, विचारलंयस कधी?"

त्यानं विचारलं नव्हतं. तिनंही सांगितलं नव्हतं. ते दोघांनाही एकदमच उमगलं. ऑर्फानं किल्ली काढून स्वेटरच्या खिशात टाकली. झोपताना ती नेहमीसारखी गुडघे टेकून बसली, पण प्रार्थनेचे शब्द काही जुळेनात. बापा, एवढंच म्हणता आलं. बापा, मी दमले.

सकाळी तिला जाग आली तेव्हा आवारात पहिली गाडी शिरत होती. उशीर झाला होता. पास्टरची बायको मागच्या सीटवरून केकचे डबे उतरवत होती. जागा मोकळी करायलाच हवी होती, आणि ती करू शकेल असं एकच माणूस तिथं होतं.

ही घरगाडी ऑर्फानं आयुष्यात एकदाच चालवली होती. पहिल्या वर्षी. पेट्रोल पंपाच्या खांबाला घासून तिनं गाडीच्या कुशीवर हातभर ओरखडा काढला, आणि तेव्हापासून एस्टिल ओळखी करून देताना तो ओरखडासुद्धा दाखवायचा: "ही माझी बायको, आणि ही तिची सही."

ती स्टिअरिंगवर बसली. सीट पुढं ओढली. एस्टिल खालचे जॅक काढून तिच्या रोजच्या सीटवर येऊन बसला आणि हातांचं काय करावं हे त्याला कळेना. तिनं गुमान कॉफीचा मग त्याच्या हातात दिला. स्टिअरिंगवर काहीतरी बोटांना टोचत होतं. तिनं ते काढून स्वेटरला अडकवलं आणि गाडी सुरू केली.

"आरसे बघ," एस्टिल म्हणाला.

"तू बघू नकोस म्हणजे झालं."

गाडी हलली. एक फूट, दोन फूट. आवाराच्या तोंडाशी मोठं ओकचं झाड होतं. ऑर्फा फाटकाचे दोन्ही बाजूंचे खांब सांभाळत, मुंगीच्या चालीनं बाहेर पडली, आणि डोक्यावर कडाकड असा आवाज झाला. छतावरून काहीतरी घरंगळत मागं गेलं.

तिनं ब्रेक मारला. खाली स्वेटरकडे पाहिलं. लाल चिमटा तिच्या छातीवर एखाद्या पदकासारखा लटकत होता.

"अँटेना," ती म्हणाली.

एस्टिलनं खिडकीतून मान बाहेर काढली, कलती करून, कडेकडेनं पाहिलं. पास्टरची बायको हातात वाकड्या काड्यांचा पिंजरा घेऊन धावत येत होती. "अहो बाई, तुमचं काहीतरी राहिलं!"

एस्टिल आधी खोकल्यासारखा आवाज करू लागला. मग ऑर्फाला कळलं, तो हसतोय. खांदे हलताहेत, डोळ्यांतून पाणी वाहतंय, ते बिघडलेले डोळे गच्च मिटलेले. "दुसरी सही," तो कसाबसा म्हणाला. ऑर्फानं कपाळ स्टिअरिंगला टेकवलं आणि तीही हसली. हसता हसता तिला रडू आलं, मग परत हसू आलं. पास्टरची बायको बिचारी खिडकीखाली तो पिंजरा धरून उभी. दोघांनी तिचे आभार मानले, तिनं कागदात गुंडाळून केकचे दोन तुकडे दिले, आणि गाडी निघाली.

गावाबाहेर रस्ता फुटतो. पूर्वेला ओहायो, दक्षिणेला वाळवंट. पाटी लांबून दिसली तेव्हा एस्टिलनं वाचायला सांगितलं नाही. त्याला ठाऊक होतं. तो नुसता कॉफीचा मग धरून बसला.

"चालवणाऱ्याची मर्जी," तो म्हणाला. "नेशील तिकडे."

एवढी वर्षं त्याच्या शेजारी बसून ऑर्फा रस्ता बघत आली होती. आज पहिल्यांदा रस्ता तिच्याकडे बघत होता. तिला ती रंगवलेली खोली आठवली, न हलणारी खाट आठवली. त्या खाटेवर बसून गवताच्या मुळांकडे कलत्या मानेनं बघणारा एस्टिलही दिसला. मग तिनं दक्षिणेकडच्या वळणाचा दिवा लावला.

एस्टिलनं टिकटिक ऐकली, पण कुठली बाजू ते त्याला कळलं नाही. गाडी वळून सूर्य डाव्या खिडकीतून त्याच्या हातावर आला, तेव्हा दक्षिण ओळखून त्यानं तो हात उलटासुलटा करून पाहिला.

"ऐक," ती म्हणाली. "वाटेत पहिल्या मोठ्या गावात डोळ्यांचा डॉक्टर. मी आत येणार तुझ्याबरोबर. मग सावकाश जायचं, उजेड आहे तोवरच. आणि वाळवंटात एकदा जॅक लावले की परत काढायचे नाहीत. या गाडीची चाकं काढून टाकली तरी चालेल मला. टॅमरालाच बोलवू नाताळाला. मला एका जागी झोपायचंय, एस्टिल. खिडकीत रोज तेच कॅक्टस."

स्टिअरिंग गेलं होतं. एस्टिलनं कॉफीचा मग दोन्ही हातांत स्टिअरिंगसारखा धरला. मग म्हणाला, "तिथंही फडताळ आहे ना डीव्हीडींचं?"

"आहे."

"झालं तर."

दोन्ही बाजूंना कापलेल्या ज्वारीची रानं उघडी पडली होती. वारा आडवा लागत होता आणि गाडी सरळ ठेवताना ऑर्फाचे खांदे भरून आले. दुखणारा गुडघा कुरकुरत होता. तिनं जांभई दिली.

"अगं हो," एस्टिल म्हणाला. "तू चालवतेयस. म्हणजे शेवट सांगायची पाळी माझी."

"तुला काय दिसलाय शेवट? मलाही नाही दिसला. अर्ध्यात बंद केला मी."

"दिसला नाही. पण पियानो ऐकला ना मी." त्यानं मग खाली ठेवला, घसा खाकरला. "तर तो माणूस. पाठीवर घड्याळ. पडला, बरोबर? तिथं पियानो गडगडला होता. मग तो उठला. टोपी घेतली. काटे वेचले. आणि पुन्हा चढायला लागला. लोक म्हणाले, अरे टाक ते ओझं. तो म्हणाला, टाकलं तर वेळ कसा कळणार?" त्याचा आवाज नकळत उचलला गेला होता. डोंगरातल्या सासऱ्याचं प्रवचन त्यानंही तरुणपणी बाकावर बसून ऐकलं होतं. ओळ संपली की तोच हुंकार, तेवढा खणखणीत नव्हे, पण तोच. "आणि चढला, आणि चढला, आणि गुडघे म्हणाले बस, तरी चढला—"

"सांग," ऑर्फा रस्त्यावरची नजर न हलवता म्हणाली. "सांग, भाऊ, सांग."

"आणि वर पोहोचला तर तिथं कुणीच नव्हतं. कुणी घड्याळ मागवलंच नव्हतं. म्हणून त्यानं ते तिथंच उभं केलं, आणि त्याच्या सावलीत आडवा होऊन झोपून गेला. घड्याळ आपलं टिकटिक करत राहिलं."

"एवढंच?"

"का? तुला आणखी हवंय?"

"हवंय," ती म्हणाली. "रस्ता बराच उरलाय. त्याला उठव, आणि पुढं सांग."